दोन हात आणि ठकीचा ताप

फुंक्याच्या हातांची ख्याती सांगायची तर सुरुवात चहापासूनच करावी लागते. बाटल्यांच्या कारखान्यात भोंगा झाला की चहा यायचा, तो थेट स्टोव्हवरून उतरवलेला. बाकीचे गडी पेला फडक्यात धरत, या हातातून त्या हातात नाचवत, फुंकरा मारत. हा मात्र पेला उघड्या तळव्यावर ठेवून गप्पा हाणत उभा. एकदा नव्यानं आलेल्या मुकादमाला वाटलं, याचा चहा निवलेला दिसतोय. त्यानं मोठ्या ऐटीत ह्याच्या तळव्यावरचा पेला उचलला. पुढच्या क्षणी पेला फरशीवर, चहा मुकादमाच्या बुटात आणि मुकादम एका पायावर.

"अरे, सांगायचं तरी, गरम आहे म्हणून!"

"गरम कुठाय साहेब? कोमट आहे," फुंक्या म्हणाला. आणि तो थट्टा करत नव्हता. त्याला तो खरोखरच कोमट लागत होता.

फुंक्या हे नाव त्याला तरुणपणी चिकटलं. तेव्हा तोंडानं नळी फुंकून बाटल्या काढायचे. गाल असे फुगायचे की कानाला टेकतील. पुढे यंत्रं आली, फुंकायचं काम यंत्राकडे गेलं, नाव मात्र याच्याकडेच राहिलं. आता तो साच्यातून निघालेल्या लालबुंद बाटल्या चिमट्यानं उचलून पट्ट्यावर ठेवायचा. लाल बाटली निवता निवता तपकिरी व्हायची. औषधाची बाटली. खोकल्याची, तापाची, कसलीही. त्याचे तळहात जोड्याच्या तळासारखे झाले होते, जाड आणि पिवळट. भट्टीचा ताव तो तोंडावर येणाऱ्या झळेवरून ओळखायचा. तिथं लावलेलं मोजायचं यंत्र बिघडलं की यालाच बोलावणं यायचं, आणि हा डोळे मिटून, मान वळवून सांगायचा, "अजून थोडा येऊ दे." त्याचा त्याला भारी तोरा.

आणि बायको मिळाली ती कुठली, तर कोल्ड स्टोरेजमधली. फळांची खोकी निवडायची, सडकं बाजूला काढायचं, चांगलं परत थंडीत ढकलायचं. दिवसभर हात बर्फात घातल्यासारखे. लग्न झाल्यावर त्यानं पहिल्यांदा तिचा हात धरला तेव्हा दोघंही दचकली. ती म्हणाली, "अगं बाई, भाजलं!" तो म्हणाला, "तू जिवंत आहेस ना?" ही गोष्ट तिनं स्वतःच शेजारणीला सांगितली आणि शेजारणीनं सगळ्या इमारतीला.

त्यांना मुलगी झाली. डोळे टपोरे, चेहरा गोल, बसवाल तिथं बसून राहायची. लाकडी बाहुलीसारखी, म्हणून ठकी. दोघं कामावर गेली की शेजारीण तिला सांभाळायची. ठकीचा एक गुण फार मोठा. तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर यायची नाही. आता हा गुण तिला उपजत होता की घरानं शिकवला, ते तुम्हीच ठरवा. फुंक्या जिन्यामागे विडी ओढायचा आणि म्हणायचा, "आईला सांगू नको हं." बायको बहिणीला काहीबाही देऊन यायची आणि म्हणायची, "बाबांना सांगू नको हं." त्या घरात 'सांगू नको' हे शब्द मिठासारखे वापरले जायचे. पोरगी दोन्हीकडे मान हलवायची. शेजारणीनं एकदा बिस्किटाची लालूच दाखवली. "सांग गं, बाबा जिन्यामागं काय करतात?" ठकीनं बिस्किट घेतलं, सावकाश खाल्लं, हाताला लागलेला चुरा चाटला आणि दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे केला. सांगितलं काहीच नाही.

आता या घरात खरी पंचाईत व्हायची ती ठकीला ताप आला की. कपाळाला आईनं हात लावला की आई म्हणायची, "पोरगी फणफणलीय!" बापानं हात लावला की बाप म्हणायचा, "काही नाही, गार आहे." बर्फातून आलेल्या हाताला सगळं जग तापलेलं आणि भट्टीवरून आलेल्या हाताला सगळं जग निवलेलं. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरात एकाच वेळी उन्हाळा आणि हिवाळा. लेकरानं स्वेटर घालावा की काढावा?"

बायकोनं वैतागून ताप मोजायची काचेची नळी आणली. फुंक्याला तो अपमान वाटला. "भट्टीचा ताव सांगणाऱ्या माणसाच्या घरात ही काडी?" काडी खरी बोलते का ते बघायला त्यानं ती उकळत्या चहात बुडवली. ती तडकली. आतला पारा बशीत सांडला. "बघ. एवढंसुद्धा सोसेना तिला," तो म्हणाला आणि हसला. बायकोनं बशी उचलून बाहेर नेऊन टाकली. नवी नळी काही आणली नाही.

मग तो ट्रक ड्रायव्हर आला. कारखान्यातून बाटल्यांची खोकी लांबलांब नेणारा हा माणूस येताना बातम्यांची खोकी भरून आणायचा. फाटकाशी उभा राहून तो म्हणाला, कुठल्याशा गावात तापाचं औषध पाजलं आणि लेकरं गेली. किती, कुठं, कोणत्या औषधानं, काही विचारलं की तो हात हवेत फिरवायचा. "एवढं कोण बघत बसतंय? पण गेली हे खरं. आणि बाटल्या तपकिरी होत्या म्हणे. आपल्याच असतील."

बाकीचे गडी चुकचुकले आणि कामाला लागले. फुंक्याच्या मात्र ते डोक्यात बसलं. घरी येऊन त्यानं फळीवरची तापाच्या औषधाची बाटली काढली आणि मोरीत ओतली.

"अहो! इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलंय ते!"

"बाटली मी काढतो. आत भरणारा दुसराच. तो काय भरतो ते तुझ्या डॉक्टरीणबाईला तरी माहीत आहे का?"

"त्या स्वतःच्या मुलांना हेच देतात."

"देऊ देत. माझ्या घरात ही बाटली दिसता कामा नये."

"आणि उद्या पोरीला ताप आला तर?"

"माझ्या हाताला लागेल तेव्हा बघू."

"तुमच्या हाताला! तुमच्या हाताला भट्टीसुद्धा गारच लागते!"

आणि ते खरं होतं.

भट्टी काही कायमची चालत नाही. आतल्या विटा झिजतात. त्या वर्षी भट्टी विझवली आणि नव्या विटा बसेपर्यंत गड्यांना घरी बसवलं. शेजारीण तेव्हाच तिच्या लेकीकडे गेली होती, म्हणून दिवसभर ठकी बापाजवळ. फुंक्याला मौज वाटली. ठकीला खांद्यावर घेऊन तो बाजार फिरला, तिच्या बाहुलीची मोडलेली मान बसवून दिली. आणि हळूहळू त्याच्या हातांचं कातडं सुटायला लागलं. कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघायचे, आणि ठकी ते ओढायला बसायची. खाली नवं, गुलाबी कातडं. एका सकाळी त्यानं नेहमीसारखा चहाचा पेला तळव्यावर घेतला आणि ओरडून सोडून दिला.

बायको पोट धरून हसली. "या, आलात एकदाचे माणसात!"

त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू. त्यानंतर तसं कुणी हसलं नाही.

हवा बदलली तसा ठकीला ताप आला. नवऱ्याला न सांगता बायको तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. हवेतलाच ताप आहे, काही दिवसांत जाईल, असं त्या म्हणाल्या. औषध दिलं, झाकणावरची रेघ नखानं दाखवली. "ताप मोजून बघायचा आणि मगच द्यायचं. दोन वेळांमध्ये चांगलं अंतर ठेवायचं. जास्त दिलं म्हणून ताप लवकर जात नाही." बायकोनं मान डोलावली. घरात ताप मोजायची नळी नाही, हे तिनं सांगितलं नाही. घरातलं हसं बाहेर कशाला?

बाटली पर्समध्ये घेऊन ती जिना चढत होती तेव्हा तिच्या मनात काही कमी भीती नव्हती. ड्रायव्हरची गोष्ट तिनंही ऐकली होती आणि खोटी म्हणायची तिची छाती नव्हती. पण तिनं बहिणीचा मुलगा तापात बघितला होता. डोळे पांढरे झालेले, हातपाय ताठ, दात आवळलेले. तो वाचला, पण ते डोळे तिच्या मनातून गेले नव्हते. एका बाजूला न बघितलेली लेकरं आणि एका बाजूला बघितलेले डोळे. तिनं बघितलेलं खरं धरलं. बाटली शिवणाच्या डब्यात, चिंध्यांखाली गेली. सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर आणि झोपवताना ती ठकीला आतल्या खोलीत न्यायची. हात लावायची, हात गार, पोर गरमच लागायची, मग झाकण भरायचं. रेघेच्या जरा वरच.

"बाबांना सांगू नको हं. बाबा रागावतील."

ठकी मान हलवायची.

आणि त्याच दिवसांत, भर दुपारी, फुंक्यानं ठकीच्या कपाळावर हात ठेवला. सवयीनं ठेवला. 'गार आहे' हे शब्द तोंडात तयारच होते, ते तिथंच राहिले. त्याच्या नव्या, गुलाबी तळव्याखाली पोरगी पेटली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या लेकीचा ताप लागला. तो किती असतो, कसा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. साधा ताप असला तरी त्याला तो भट्टीच वाटला. त्यानं पुन्हा हात लावला, गळ्याला, पोटाला, पायांना. ओली फडकी ठेवली. ती लगेच गरम झाली.

खाटेच्या कडेला बसून त्यानं विचार केला. डोळ्यांपुढे तो ड्रायव्हर फाटकाशी उभा होता, हात हवेत फिरवत. आणि इथं हाताखाली पोर जळत होती. बायको कामावर. तिला कळवावं, तर काय कळवणार? तू म्हणत होतीस ते खरं होतं म्हणून? मोरीत मी ओतलं, आता परत आण म्हणून?

त्यानं ठकीला शालीत गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात गेला. ओळखीच्या दुकानात गेला नाही. दुकानदारानं बाटली पुढे केली. फुंक्यानं ती उलटी करून आधी बूड बघितलं. कारखान्याचा शिक्का होता.

"पाहुणे, औषध घेताय की बाटली?" दुकानदार हसला.

"बाटली चांगली आहे," फुंक्या म्हणाला.

"आतलंही चांगलंच आहे. मुलीचं वजन किती? किती द्यायचं ते माहीत आहे ना?"

"आहे," त्यानं ठोकून दिलं. माहीत काहीच नव्हतं. झाकणावर रेघ असते हे घरी येऊन बघायला त्याला सुचलं नाही. त्यानं फळीवरचा जेवायचा मोठा चमचा घेतला. घाईत थोडं सांडलं. सांडलं म्हणून आणखी एक चमचा दिला. तासाभरानं ठकीला घाम आला, ती निवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपार सरेपर्यंत ताप पुन्हा चढला. त्यानं पुन्हा दिलं.

"आईला सांगू नको हं. आपलं दोघांचंच."

ठकी मान हलवायची. बाटली त्यानं भट्टीवरच्या जाड हातमोज्यात खुपसून ठेवली. भट्टी बंद, हातमोज्याला कोण हात लावणार?

असं काही दिवस चाललं. संध्याकाळी नवराबायको जेवायला समोरासमोर बसायची. ती म्हणायची, "आज जरा बरी वाटते." तो म्हणायचा, "वाटते खरी." तिला वाटायचं, याला काही कळत नाही, बरं आहे. त्याला वाटायचं, हिला काही कळत नाही, बरं आहे. तिनं आपल्यापुरतं अंतर पाळलं होतं, त्यानंही आपल्यापुरतं पाळलं होतं. दोन्ही बाटल्यांची खबर असणारं त्या घरात एकच माणूस होतं आणि त्याचं तोंड दोघांनी बंद केलं होतं.

मग ठकीनं खाणं सोडलं. पाणी घेतलं तरी उलटायची. ताप तर उतरला होता, पण पोरगी चिंधीसारखी पडून. बाहुली कुशीत दिली तरी धरेना. सकाळी बायकोनं तिला उचललं तेव्हा मान मागे गेली. दोघं धावत इस्पितळात गेली. तिथं डॉक्टरीणबाईच होत्या. त्यांनी ठकीचे डोळे खाली ओढून बघितले, पोट दाबलं, उजवीकडे दाबताच ठकी कण्हली. त्यांचा चेहरा बदलला.

"तापाचं औषध किती दिलंत? नीट आठवून सांगा. इथं लाजायचं नाही."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. मग खाली बघत सांगितलं. सकाळी, संध्याकाळी, झोपताना. रेघेच्या जरा वर. चोरून. सगळं सांगितलं.

आता इथं फुंक्यानं तोंड उघडायला हवं होतं. दार समोर उघडं होतं, नुसतं पाऊल टाकायचं. त्यानं तोंड उघडलंही.

"मला न सांगता?" तो ओरडला. "मी नको म्हणत असताना? माझ्या पोरीला विष पाजत होतीस?"

रांगेतली माणसं बघायला लागली. बायकोनं पदरात तोंड खुपसलं. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "थांबा हो. एवढ्यानं एवढं व्हायला नको. आणखी कुणी दिलंय का?"

"कोण देणार? घरात आम्ही दोघंच."

तेवढ्यात नर्सनं ठकीचे ओठ ओले करायला पाण्याचा चमचा तिच्या तोंडाशी नेला. चमचा बघून ठकीनं डोळे उघडले. आधी बापाकडे बघितलं. मग मोठ्या कष्टानं बोट उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी नाही सांगितलं."

नर्सचा हात तसाच राहिला. बायकोनं पदरातून तोंड वर काढलं. फुंक्या भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. मग त्यानं सांगितलं. दुकान, मोठा चमचा, सांडलं म्हणून दिलेला दुसरा, दुपारी, पुन्हा दुपारी. सांगताना तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "औषध तेच, जे मी रोज शंभर मुलांना देते. मापात दिलं तर मुलांचं भलंच करतं. तुम्ही दोन घरांचं एका पोटात घातलंत, तेही माप सोडून. यकृताला सोसलं नाही. आता उतारा सुरू करते. लवकर आला असतात, दोघांचं एकदम सांगितलं असतंत, तर मी आत्ता जास्त खात्रीनं बोलू शकले असते."

ठकीच्या हातात सुई गेली, वर बाटली टांगली. मग वाट बघणं. सकाळी उजेड आला की बायको ठकीला खिडकीकडे वळवायची आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळं दिसतं का ते बघायची. पिवळं आलं. मग वाढलं. एक दिवस ठकीनं आईलाच ओळखलं नाही. त्या दिवशी फुंक्या इस्पितळाच्या पायरीवर बसून होता. बायको बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली.

"तुम्ही माझ्यावर ओरडलात," ती म्हणाली, "तेव्हा तुमच्या हातमोज्यात बाटली होती."

बस, एवढंच. ती उठून आत गेली. त्या दोघांत त्याबद्दल जे काही बोलणं झालं ते तेवढंच.

ठकी वाचली. पिवळेपणा हळूहळू ओसरला, आईला ओळखलं, बाहुली मागितली. घरी आली तेव्हा हलकी झाली होती, कोट टाकावा तशी हातावर टाकता यायची. भट्टीच्या विटा बसल्या, भट्टी पेटली. फुंक्या कामावर गेला. चहा आला तेव्हा त्यानं पेला फडक्यात धरला. पण हळूहळू कातडं पुन्हा जाड झालं आणि फडकं सुटलं. त्यानं मुकादमाला विनवलं, मला पट्ट्याच्या थंड बाजूला, खोकी भरायला ठेवा. मुकादमाला तो चहा आठवत असावा. "भट्टीला तुझ्यासारखा दुसरा कुठून आणू?" म्हणाला. ड्रायव्हर येऊन फाटकाशी उभा राहिला की फुंक्या आत निघून जायचा.

पुढे कधीतरी सुट्टीच्या दिवशी ठकी दिसेना. हाका मारल्या, उत्तर नाही. फुंक्याला ती खाटेखाली सापडली. गाल थंड फरशीला चिकटवून, बाहुलीला कुशीत घेऊन पडलेली.

"काय गं, इथं काय करतेस?"

"मला ताप नाही," ठकी म्हणाली.

त्यानं तिला बाहेर ओढलं. कपाळावर हात ठेवला. त्याच्या हाताला काहीच लागलं नाही. त्यानं बायकोला हाक मारली. ती पाण्यात हात घालून भांडी घासत होती. ओले हात पुसत ती आली, कपाळाला लावायला गेली आणि मध्येच थांबली. हात मागे घेतला. इस्पितळातून आल्यावर आणलेली नवी नळी फळीवरून काढली.

तिनं नळी ठकीच्या काखेत धरली आणि दोघं दोन बाजूंना बसली. नळी काढून दोघांनी एकदम बघितली, एकदम आकडा वाचला. ताप होता. बायकोनं बाटली आणली, ती आता सगळ्यांना दिसेल अशी फळीवर समोरच असायची. त्यानं झाकण धरलं, तिनं रेघेपर्यंत भरलं, दोघांनी उजेडात धरून रेघ बघितली.

ठकी आधी तोंड उघडेना. मग उघडलं, मुकाट्यानं गिळलं. तिनं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. दोघंही तिथंच होती. तिला काही उमगेना. ओठांकडे नेलेलं बोट तसंच धरून तिनं विचारलं,

"आता कुणाला नाही सांगायचं?"